वेढे

पहिल्या व्हिडिओत माझं तोंड नाही.
नुसते दोन हात, नखांत व्हार्निश,
आणि जळक्या मोटारीची उघडी छाती :
तीन एचपी, वारणेच्या पुरात पाच दिवस बुडालेली.
आवाज नको म्हणून पंखा बंद होता.
घामाचा थेंब कोअरवर पडला, तोही त्यात आलाय.
बघितलं सतरा जणांनी,
त्यातले चार आमच्याच घरातले.

फोन बांधलाय जुन्या पंख्याच्या दांडीला, होज क्लिपनं.
त्रिशला म्हणाली, "पप्पा, बोला की."
काय बोलू?
तीस वर्षं मोटारच माझ्याशी बोलत आली :
घुंई म्हणजे बेअरिंग,
खर्रर्र म्हणजे रोटर घासतोय,
आणि आवाज नाही, नुसता वास,
म्हणजे आलं आपल्याकडं काम.
तेच सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगतो तसं.
"उन्हाळ्यात तापते ती व्होल्टेजमुळं" यासकट.

दुधगावात बातमी फिरली.
सोसायटीच्या कट्ट्यावर म्हणाले,
पायगोंडा आता हात दाखवून पैसे मिळवतोय.
पैसे कुठले!
हजार माणसं जोडली पाहिजेत, वर चार हजार तास,
त्याशिवाय दार उघडत नाही.
त्रिशलानं हे खडूनं भिंतीवर लिहिलं, उधारीच्या यादीशेजारी.
दोन्हींत उधारीच भराभर वाढली.

एकदा उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून दारावरून गेला
आणि मी भरलेल्या मोटारीवर
कुठल्याशा कंपनीनं हक्क सांगितला.
तेव्हापासून रेकॉर्डिंग पहाटे.
कोंबडा चालतो.
कोंबड्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

मी शिकलो मिरजेच्या इलाहीचाचांकडं.
वेढे मोजताना ते पाठ फिरवून बसायचे.
ओठसुद्धा हलायचे नाहीत.
"हात बघ," म्हणायचे, "आकडा तुझा तू काढ."
सात वर्षं लागली तो आकडा काढायला,
त्यांनीच भरलेल्या, जळून चिकटलेल्या तारा
एकेक सोडवत, उलट्या मोजत.

एकविसाव्या व्हिडिओत मी तो सांगून टाकला.
सेहेचाळीस.
म्हणताना आवाज जरा बसला, तो भाग कापला नाही.
त्या रात्री वाटत राहिलं,
दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली
मी भर बाजारात भिरकावली.

तोच चालला.
जतच्या पुढनं कुठनं तरी एका पोराचा फोन,
रात्री दीडला, थ्री फेज आल्या आल्या :
"मिस्त्री, फिरली! मी भरलेली फिरली!"
मागं सिमेंटच्या टाकीत पाणी पडत होतं.
मी फोन कानाला लावून तसाच बसलो.
त्यानं ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

मग पोस्टमन पाकीट उलटंपालटं करत आला.
"लांबचं दिसतंय. कोर्टाचं हाय काय?"
आत फक्त सहा आकडे.
त्यानंतर कधीतरी बँकेचा मेसेज :
आठ हजार तीनशे बारा.
चौदा महिन्यांचे.
अक्काताई भाकरी थापता थापता थांबली.
"म्हणजे दोन मोटारी."
"दोन मोटारी."
"आपण झोपल्यावर मिळालेले?"
"झोपल्यावर, जेवताना, कधीपण."
तिनं माझ्याकडं बघितलं,
जणू मी कुठनं तरी उचलून आणलेत.

परवा अनोळखी नंबर. नातवाच्या फोनवरनं चाचा.
"पायगोंडा, सगळे बघितले. रोज रात्री बघतो.
झोप येत नाही आता."
मी गप्प. म्हटलं, आता येणार शिवी.
"एकविसाव्यात सेहेचाळीस बोलतोस तू.
अठ्ठेचाळीस हायत.
दोन खाल्लेस.
उन्हाळ्यात तापत असतील तुझ्या मोटारी."

उद्या पहाटे बावन्नावा व्हिडिओ आहे.
काय बोलायचं ते ठरलंय, कसं ते नाही.
त्रिशलाला विचारलं,
त्या चार हजार तासांत चाचांचे किती?
ती बराच वेळ स्क्रीन सरकवत राहिली.
म्हणाली, "तसं कळत नाही, पप्पा."