सोनारआळीची धूळ

पहाटे चारला, महापालिकेचा झाडू यायच्या आत
आई सोन्या मारुती चौकात पोचलेली असायची.
पायऱ्यांच्या फटी, उंबऱ्याखालची सापट, गटाराचं तोंड.
तारेचा ब्रश, घमेलं, आणि टॉर्च धरायला मी.
कानशीखालून उडालेलं,
कारागिराच्या सदऱ्याला चिकटून उंबरा ओलांडलेलं सोनं
तिला हवं असायचं.
मला दिसायची नुसती माती.
"दिसत न्हाई म्हंजे न्हाईच, असं नसतंय,"
आणि ब्रश पुन्हा फटीत.

घरी थाळीत पाणी फिरवून फिरवून
हलकं ते जायचं, जड ते मागं राहायचं.
मग पारा. मग तेजाब.
तांबूस धूर दाराबाहेर पडायचा,
आम्ही दोघी त्याच्या आधी.
महिन्याला कधी चार गुंजा, कधी दीड.
तिच्या बोटांवर ठसे उरले नाहीत.
रेशन दुकानातलं मशीन तिला अजून ओळखत नाही.

आता पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर
मी त्याच तेजाबानं काचा धुते,
बंद कपाटात, पंख्याखाली, दोन जोड हातमोजे घालून.
पहिल्या दिवशी वास आला
आणि मी दार शोधलं.

सोन्याचं मीठ पाण्यात फिकट पिवळं.
उकळी फुटली की सायट्रेट एका दमात ओतायचं.
रंग जातो.
मग शाईसारखं काळपट काहीतरी; वाटतं, बिघडलं.
तेव्हा हात लावायचा नाही.
मग लाल. कोकमाच्या आगळाइतकं.

आईला फोटो पाठवला.
"ह्यात सोनं हाय? लाल?"
फार बारीक केलं की लाल दिसतं, आई.
"किती बारीक?"
वीस नॅनोमीटर, म्हटलं, आणि जीभ चावली.
गुंजेचे एवढे तुकडे मोजायला तिच्याकडे शब्द नाही.
माझ्याकडेही नाही, नुसता आकडा आहे.
ती जरा थांबली.
"मंग ते घमेल्यात ऱ्हायाचं न्हाई. वाहून जायाचं."

भाद्रपदात ताडीवाला रोडला ताप आला.
पहिले नऊ दिवस त्याला नावच नव्हतं.
नमुना जायचा, अहवाल तीन दिवसांनी यायचा,
तोवर एका खोलीतले सहाही जण अंथरुणाला.
आम्ही कणांना प्रतिपिंडं चिकटवत होतो, विषाणूला धरतील अशी;
कण एकमेकांनाच धरून बसायचे, लालचं निळं व्हायचं.
चौदा बाटल्या ओतून दिल्या.
पंधरावी लाल राहिली.

केळुसकर मॅडमनी सेमिनारला स्लाइड लावली:
आई घाणीत सोनं शोधायची, मुलगी सोन्यानं घाण शोधते.
टाळ्या झाल्या.
मला ते आवडलं नाही.
फरदीनचा ताप घाण नाही.
आणि आईच्या गुडघ्यांवरचे घट्टे स्लाइडवर मावत नाहीत.

फरदीन, वय सात, शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर.
पट्टीवर एक रेघ आली. दहा मिनिटं.
मॅडम म्हणाल्या, निगेटिव्ह. पुढचा.
आई माझा डबा घेऊन आली होती.
लांबूनच तिनं मान तिरकी केली,
फोनचा टॉर्च लावला, आडवा धरला.
"हाय की दुसरी."
कुठे?
"दिसत न्हाई म्हंजे..."

होती. केसाएवढी, गुलाबी.
त्याच रात्री पोराला नायडूत हलवलं.
घरातल्या बाकीच्यांना आम्ही सकाळीच तपासलं,
आणि त्या बॅचमधलं सोनं दीडपट केलं.

मी पट्ट्या पिवळ्या पिशवीत भरत होते.
आई बाजूला उकिडवी बसली, पिशवीला हात न लावता.
"समद्यांत सोनं हाय?"
आहे, पण काढता येत नाही. ह्या जाळतात, आई.
तिनं पिशवीचं वजन डोळ्यांनी केलं.
"आनि राख?
ती कुठं टाकत्यात?"