पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणायचे आमचे तात्या.
इथं अजमानात कोर्टाला पायरीच नाही.
काचेचं दार, जवळ गेलं की आपोआप सरकतं,
आत गारठा, आणि टोकनचं मशीन.

समोरच्या गाळ्यात माझं टेबल.
लोक मला मालवणीत सांगतात, हिंदीत, कधी नुसत्या हातवाऱ्यांनी;
मी ते उजवीकडून डावीकडं अरबीत उतरवतो.
वीस दिरहम. रडणं धरून.

लवू मेस्त्रीचा पाच महिन्यांचा पगार अडकलेला.
म्हणाला, सगळा लिवा.
सगळं म्हणजे फोरमननं लाथाडलेला जेवणाचा डबासुद्धा.
त्याला अर्जात रकाना नाही, मी म्हटलं.
तिसऱ्या तारखेला तडजोड : दोन महिन्यांचे पैसे, परतीचं तिकीट.
खजुराचा डबा घेऊन आला.
जिंकलास की रे, म्हटलं.
"जिंकलंय खंय? सुटलंय."

खतीजा परकार बाईंची अनामत मालकानं दाबली,
आठशे दिरहम,
भिंतीत खिळ्याची दोन भोकं पडली म्हणून.
तीन वर्षं झाली. मालक बदलला, इमारतीचं नाव बदललं,
माझ्याकडंच हजारभर घातले असतील त्यांनी.
भोकांचे फोटो अजून पर्समध्ये,
नातवाच्या फोटोला चिकटलेले.
दर गुरुवारी विचारतात, काय आलं का?
मी म्हणतो, विचाराधीन.
अरबीत त्याला म्हणतात कैद अन्‌-नजर.
कोणाच्या नजरेत, हे लिहायची पद्धत नाही.

आणि गडहिंग्लजचा तो आचारी, सोपान पाथरवट.
अर्धा अर्ज झाला होता, "माझा पासपोर्ट" इथपर्यंत,
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
बाहेर जाऊन बोलला, दारातूनच म्हणाला, येतो.
आपल्यात जातानाही येतोच म्हणतात.
चहा निवला. मग मीच प्यायलो.
असल्यांच्या टोकनच्या चिठ्ठ्या खणात ठेवतो.
ऑगस्टात त्यांवरचे आकडे उडून जातात,
कोरे कागद राहतात, किंचित तपकिरी.
फेकवत नाहीत.

माझाही एक अर्ज आहे.
आधीच्या कंपनीनं बुडवलेली सात वर्षांची ग्रॅच्युइटी.
टाईप करून ठेवलाय, तारीख तेवढी घालायची राहिलीय.
मुदत कधीच टळली, हे मला कोणी सांगायला नको,
रोज मीच सांगतो लोकांना.
तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की उघडतो,
"विनंती"च्या जागी "मागणी" करतो,
पुढच्या आठवड्यात परत "विनंती".
बंद करताना मशीन विचारतं, बदल जतन करायचे?
हो म्हणतो.

कोण आहे पुढं?
या.
पासपोर्टची प्रत? मालकाकडं?
बरं. बसा आधी.