महिरपी कंस

ससून डॉकला, बर्फाच्या गोदामावर, पत्र्याची खोली.
पंख्याला मीठ धरलंय, कीबोर्डवर खवले.
सेक्रेटरी भानजी चोवीस वह्या टेकवून म्हणाले,
"यात बंदर आहे. आत घाल."

मी कंस उघडला,
देव्हाऱ्याला असते तशी त्याला महिरप.
बंदराच्या पोटात बोट, बोटीच्या पोटात फेरी,
फेरीच्या पोटात मासळी, मासळीच्या पोटात टोपल्या नि भाव,
आणि पार तळाशी, ऊन पोचत नाही तिथे,
बर्फ, डिझेल, उचल.

खाली उतरायचं तर दाराला दार, दाराला किल्ली.
एक चुकली की यंत्र जागीच थांबतं
आणि लाल अक्षरांत तेवढाच शब्द परत करतं:
मांदेली.
वहीत कुणी मांदेली लिहिलंय, कुणी मांदेळी.
मासा एकच, हे त्याला कोण सांगणार?

लडीबाई टोपली उतरवता उतरवता सांगते,
"पदाजीची शनवारची करली? सात टोपल्या.
एक नरम होती, ती मीच नेली."
पाच कंस एका दमात उतरते,
वर येऊन हात पदराला पुसते.

पदाजी केणी, जनार्दन केणी.
बोटी एकाच सुताराच्या, इंजिनंही सारखी,
म्हणून मी पदाजीची नोंद घेतली,
नक्कल केली, वरचं नाव बदललं.
महिनाअखेर पदाजीने बर्फाचे चार हजार फेडले.
मी आकडा उतरवला,
जनार्दनचेही चार हजार उतरले.

रात्री दीडला सापडलं.
नक्कल वरवरची होती.
बाहेरचा कंस निराळा, आतलं देणं एकच.
दोन दारं, माजघर तेच.

एकोणीस वर्षं बोलत नाहीत हे दोघे.
आईच्या तेराव्याला मढला दोन मांडव पडले,
भात मात्र एकाच चुलीवर शिजला, असं लडीबाई म्हणते.

उपाय एका ओळीचा.
तळापर्यंत उतरून सगळं सुटं करणारी नक्कल.
लिहिली. चालवण्याआधी चहाला खाली आले.

पहाटेचे चार. जनार्दन पावती धरून उभा.
"माझे चार हजार कमी दिसतात. कोणी भरले?"
"चूक झाली काका. माझीच. आज दुरुस्त करते."
तो पावतीकडेच बघत राहिला.
"मला वाटलं, त्याने,"
एवढंच म्हणाला,
आणि गंजीफ्रॉकच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढून
चार हजार मोजले. दोनदा.

ओळ चालवली. नोंदी सुट्या झाल्या.
जनार्दनच्या कंसात एक किल्ली काढायची राहिली,
नक्कल करताना खुणेला घातलेली:
मूळ: पदाजी.
भानजी म्हणतात, निकामी आहे, उडव.
उद्या, म्हणते मी.
आज मांदेळी निस्तरायची आहे.