तात्पुरता पत्ता

सकाळी लेंड्या मोजल्या. एकोणचाळीस.
गोल, कोरड्या, सगळ्या एका मापाच्या.
एवढ्या चांगल्या बातमीवर मी कॉफी केली.

नऊ दिवसांपूर्वी मंडईमागच्या बर्फात
केळ्यांचं खोकं सापडलं, तुझ्यासकट.
झाकणावर कुणी लिहिलेलं: चावत नाही.
खोटं आहे.
माझा अंगठा, टेलिफोनची वायर
आणि खुर्चीचा पाय साक्षीला आहेत.

एकतीस वर्षं हेलसिंकीत ट्राम चालवली.
माणसं चढली, उतरली,
एकालाही घरी आणलं नाही.
आता निवृत्तीत हे.

‘इर्मेली, नाव ठेवू नकोस,’ संस्थेची साना बजावते,
‘निरोप जड जातो.’
नाव नाही ठेवलं.
नावं मात्र रोज ठेवते तुला.

पहिल्या तीन रात्री
बर्फ ओढणारी गाडी रस्त्यावरून गेली
की तू मागचा पाय आपटायचास,
आणि मी दर दोन तासांनी उठून
पिचकारीनं पातळ लापशी, थेंब थेंब,
निम्मी तुझ्या तोंडात, निम्मी माझ्या बाहीवर.
चौथ्या रात्री दात हलकेच वाजवलेस.
थंडीनं नव्हे.

शनिवारी कोत्काहून एक माणूस येतोय.
त्याची एक मुलगी आहे,
आणि जोडीदार गेलेली एक सशीण.
त्याच्यासाठी कागद लिहून ठेवलाय:
कोथिंबीर चालते, गाजर बेतानं.
उचलू नका. जमिनीवर बसा. वाट बघा.
खाली आणखी एक ओळ होती, ती खोडली.

शेजारचा पेक्का खुर्ची दुरुस्त करतो म्हणाला.
राहू दे म्हटलं, डुगडुगू दे.
सोमवारी गवताचा गठ्ठा यायचाय.
तो काही मी रद्द केलेला नाही.