तिसरा गिअर

तीन वर्षं ती उभी होती
होटगी रोडला, हत्तुरे वकीलबाईंच्या चिंचेखाली.
टपावर वाळका पाला, बॉनेटखाली उंदरांचा संसार,
चारी टायर जमिनीला टेकलेले,
बसक्या बैलासारखे.

मी टॉवेलच्या लुमांचा फिटर.
लूम बंद पडला की आधी हात लावत नाही,
उभा राहतो, ऐकतो.
हिच्यात ऐकायला काही नव्हतंच, बॅटरी कधीची मेलेली.
तरी बॉनेट उघडून मी अर्धा तास तसाच.
वरून बाईंचा आवाज आला,
"घेणार आहेस, का नुसता नमस्कार करणार आहेस?"

एक लाख पाच, त्या म्हणाल्या.
पंच्याऐंशी, मी म्हणालो.
"पंच्याऐंशीत चाकं घेऊन जा, सेडिया राहू दे इथंच."
पंच्याण्णवला मिटलं.
चावी हातात ठेवताना विचारलं, "जोरात चालवणार का?"
नाही बाई, जपून चालवीन.
तेव्हा त्यांचा चेहरा पडला, असं मला वाटलं.

राजमणी म्हणाली, एवढ्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंट झालं असतं.
खरं आहे.
मौलालीनं टॉर्च मारून कुरतडलेलं वायरिंग पाहिलं, म्हणाला,
"ही गाडी नाही बे, ही नोकरी आहे."
तेही खरं.

कंपनीनं इथला गाशा कधीच गुंडाळलेला.
टायमिंग बेल्ट कोइमतूरहून आला,
वॉटर पंप दिल्लीहून, भलत्याच गाडीच्या खोक्यात.
इंजिन माउंट तीनदा आला, तीनदा चुकीचा.
शेवटी जुन्याच माउंटात नवं रबर भरून घेतलं
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
आमच्या लुमांचे रोलर जो करतो त्याच्याकडून.
म्हणजे इंजिन आता सोलापुरी टॉवेलावर बसलंय, मी म्हणालो.
मौलाली हसला नाही. त्याची तीन महिन्यांची मजुरी बाकी होती.

मग मे. बाळ्याच्या पुलावर, भर दुपारी,
काटा लाल रेघेला भिडला.
रसवाल्यानं धावत येऊन बर्फाची लादी बॉनेटवर ठेवली,
चांगल्या मनानं.
ती वितळेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.
गास्केट गेलं. हेड उतरलं, प्लेन झालं, पुन्हा चढलं.
दिवाळीचा बोनस त्यात गेला, दिवाळीच्या आधीच.

डिसेंबरात, पहाटे साडेपाचला, तुळजापूर रोड.
दुसरा. तिसरा.
आणि तिसऱ्यात पाठ सीटला अशी चिकटली
की मी एकटाच मोठ्यानं काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

फक्त एक आवाज.
तीन हजारांवर बारीक किणकिण,
पितळी ताटात शेंगा पडाव्यात तशी.
टॅपेट लावले. बेअरिंग बदललं. डॅशबोर्ड उघडून कापूस भरला.
राजमणीला ऐकू येत नव्हता.
मला जेवताना पण येत होता.

एका रविवारी बाईंचा फोन,
"तिसऱ्यात अजून ओढते का रे?"
या, बसा, म्हणालो.
त्या आल्या, काळा चष्मा, एक पाय आधी आत, दुसरा हातानं उचलून.
हिप्परग्याचा तलाव मागे पडला, किणकिण सुरू झाली.
माझे कान तापले.
सापडत नाहीये बाई, सगळं उघडून बघितलं.
"काय सापडत नाही? सायलेन्सरवरचा पत्रा आहे तो.
शोरूममधून आणली त्या दिवसापासून वाजतोय.
सर्व्हिसवाले घट्ट करायचे, मी परत ढिला करून घ्यायची."
का?
"तीन हजार झाले की सांगतो तो.
शेवटची दोन वर्षं मला काटा दिसत नव्हता."

मी काही बोललो नाही.
त्या म्हणाल्या, "आता बदल की गिअर. झोपलास काय?"

सोमवारी मौलाली दहाचा पाना घेऊन गाडीखाली शिरला.
राहू दे, म्हणालो.
"का? येईना का ऐकू आता?"
येतंय की.