आग्नेय कोपरा

गोदेकाठी, जुन्या गढीच्या पोटात
सव्वातीन मीटर खाली
चुलीपासून हातभर अंतरावर
दोन मडकी निघाली. आडवी,
तोंडाला तोंड लावलेली.
वर सारवलेली जमीन, थरावर थर.
मी भिंगातून मोजले, चौदा भरले.
म्हणजे पुरल्यानंतरही
कुणीतरी त्याच्यावर शेण फिरवत राहिलं होतं,
त्याच जागी बसून जेवत राहिलं होतं.

सरांनी वहीत लिहिलं : दफन क्रमांक सहा. बालक.
मी टेप धरली, उत्तरेचा बाण ठेवला,
फोटोपुरती सावली केली.

कौतिकबाई येतात कुंभारवाड्यातून
खापरं धुवायला.
पदराला हात पुसत त्या खड्ड्यात वाकल्या.
"नवी न्हाईत ही. बूड बघा, काजळी धरलीय.
रोजच्या कालवणाची हाईत."
मग जरा थांबून,
"घाईत घावलं ते घेतलं आसंल."

घाई नव्हती, कौतिकबाई, असं म्हणणार होते मी.
आत एक वाटी होती,
वाटीत कुळथाचे काळे पडलेले दाणे.
बोलले नाही.

त्याआधी लोक चालत असत.
चालणाऱ्याला जमतं :
झाडाखाली ठेवायचं, वर दगड रचायचे,
पुढचा पाणवठा गाठायचा.
मग कुणीतरी सातू पेरला
आणि तो निसवेपर्यंत थांबणं आलं.
थांबलं की दुखतं.
तीच वाट, तोच उंबरा,
आणि गेलेलं कुठं गेलं हे विचारायला
अख्खा उन्हाळा मोकळा.
मला वाटतं, देव तेव्हा लागला.
कणगी भरली म्हणून नव्हे,
कणगीतलं खाणारं एक तोंड कमी झालं म्हणून.

अहवालात मी हे लिहिणार नाही.
तिथे लिहीन : घरांतर्गत दफन,
धार्मिक हेतू संभवतो.

गेल्या बुधवारी पाथर्डी फाट्याला
आमच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली.
गुरुजींनी आग्नेय कोपरा विचारला.
वास्तुपुरुष पालथा पुरायचा होता.
बिल्डरचा माणूस धावत आला,
फरशी फोडू नका, खाली सोनजेंचं छत आहे.
चौथ्या मजल्यावर जमीन आणायची कुठून?
शेवटी ओट्याखालच्या भिंतीत
विटेएवढा कप्पा कोरला.
नवऱ्याने मोबाइलचा उजेड धरला.
सवयीने मी अंतर पाहिलं :
शेगडीपासून हातभर.

गुरुजी नारळ शोधत होते तेवढ्यात
घडी घातलेला एक कागद मी आत सरकवला.
दवाखान्याचा, दोन वर्षांपूर्वीचा, गुळगुळीत.
त्यावरचं करडं चित्र उडत चाललं होतं,
माझं नाव तेवढं वाचता येत होतं.
वर सप्तधान्य सोडलं.
पांढरं सिमेंट लिंपलं गेलं.

काजळी धरलेलं काहीतरी
सोबत द्यावं असं फार वाटलं.
पण घरातली सगळी भांडी
नवीन होती.