हिराएवढी फट

बाबल गवंड्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच आकडा सांगितला,
आत पाऊलसुद्धा टाकलं नाही.
अठरा हजार. फरशी वेगळी.
माझ्या पोह्यांच्या डब्यात चार हजार तीनशे,
त्यातले गॅसचे हजार.

कोबा दरवर्षी थोडा थोडा सुटत होता.
मोरीजवळच्या भेगेत सांडलेली सोलकढी मुरायची
आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या होऊन वर यायची.

मिंगेलच्या दुकानामागे फुटक्या मालाचा ढीग.
लोक आपापलं बाथरूम निवडून गेले
की हे उरतं, अर्धं, पाव, कोपरा गेलेलं.
"न्हेवा वैनी, पण रिक्षा तुमची."
निळ्या लाटांचे तुकडे, खोट्या लाकडाचे,
एकावर अर्धं संत्रं,
एकावर नुसता देठ,
त्याचं फळ सावंतवाडीत कुणाच्या तरी भिंतीवर असणार.

उभादांड्यावर आमच्या मागच्या दारी वाळू सुरू होते
ती संपतच नाही.
तरी वाळू विकत आणली. सहा पोती, कुडाळहून.
समुद्राची घातली तर मीठ सिमेंट खातं,
रमाकांत म्हणाला, आणि स्वतःच हसला.
बत्तीस वर्षं बोटीवर.
समुद्रात सपाट काही नसतं म्हणणारा माणूस
नळीतल्या बोटभर पाण्यासाठी
श्वास धरून बसला.

सुतळी ओली झाली की सैल पडते,
म्हणून तंगूस ताणला भिंतीपासून भिंतीपर्यंत,
सुरमईचा, जाड.
मी दोनदा अडखळले त्यात.
"गावली," तो म्हणाला.

दोन फरश्यांत फट सारखी हवी.
दुकानात त्यासाठी प्लॅस्टिकची फुल्या-फुल्यांची पिशवी मिळते,
नव्वद रुपये.
मी नव्या खराट्यातले हीर उपसले,
पेराएवढे कापले, उभे खोचत गेले.
तो खराटा अजून विरळ आहे.
अंगण झाडताना निम्मी पानं मागेच राहतात.

चार दिवस जेवण पडवीत.
भात रोज थोडा करपला.
गुडघ्यांखाली काथ्याचं पायपुसणं दुमडून घेतलं होतं,
त्याची नक्षी मला आठवडाभर पुरली.

रगडा हलेना.
मी, रमाकांत, शेजारची फिलोमिना,
तिचा कॉलेजातला दांडगा मुलगा,
पहारसुद्धा लावली.
"रवांदे तो थयसरच."
मग त्याच्याभोवतीने तुकडे लावले, होडीभोवती पाणी येतं तसे,
लहान होत गेलेले, शेवटी नखाएवढे.
रगड्याखाली जुना कोबा तसाच आहे.
कुणाला दाखवायचा म्हटला तरी दाखवता यायचा नाही.

पाचव्या दिवशी हीर उपटले,
फटींत पांढरं सिमेंट बोटाने भरलं.
बोटाची कातडी गेली. हळद लावली.
ओल्या फडक्याने पुसत गेले आणि
खालून रंग येत गेले, एकमेकांशी न जमणारे,
आठ घरांतून आलेल्या सुनांसारखे,
एका रांगेत बसवलेले, नाइलाजाने.

हिशेब: तीन हजार सातशे वीस.
गॅसचे चारशे वीस खाल्ले.
ते फिलोमिनाचे आहेत, सांगून ठेवते.

बाबल बघायला आला. चपला काढून आत आला.
थापीच्या मुठीने एकेक फरशी वाजवत गेला,
टक, टक, टक,
आणि फळीखाली, देठाच्या तुकड्यावर, डब.
"पोकळ आसा. काढून परत लाव."

नाही काढली.
रात्री एकच्या सुमाराला अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते,
टक काही येत नाही, तो अनवाणी असतो,
पण डब येतो.
साखर बंद करायला सांगितलीय डॉक्टरांनी,
आणि गुळाचा डबा त्याच फळीवर आहे.

मी हलवलेला नाही.